पानफुटीचं वाण

आमच्या बोक्याला मीच विष घातलं, ही बातमी गल्लीत पसरायला सकाळचा दूधवाला पुरेसा झाला. बातमी खरी होती, फक्त अपुरी होती. ते विष मी एकट्या बोक्याला नव्हे, सगळ्या गल्लीला वाटलं होतं. हळदीकुंकू लावून, हातात तिळगूळ देऊन, गोड बोला म्हणून.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हिंगणघाटात बायकांची जी धावपळ चालते, तिच्यापुढे कापसाच्या जिनिंगचा हंगाम म्हणजे सुट्टी. रोज तीन घरची बोलावणी आणि प्रत्येक घरचं वाण. वाण नाकारता येत नाही. वाण म्हणून मिळालेल्या चहाच्या गाळण्या माझ्याकडे इतक्या साठल्या आहेत की अख्ख्या लग्नाचा चहा एकदम गाळता येईल. प्लास्टिकचे डबे झाले, देवाच्या पुस्तिका झाल्या, मोबाइल टेकवायचे स्टँड झाले. मागच्या वर्षी मी ठरवलं, या सगळ्यांना धडा शिकवायचा. झाड द्यायचं. जिवंत वाण. घरात ठेवायचं, शोभेचं, हवा शुद्ध करणारं. गल्लीत आजवर कोणी दिलं नव्हतं, आणि मला पहिलं यायची लहानपणापासून खोड आहे.

आता झाड म्हणजे नर्सरीत जाणं आलं. पण माझ्या मागच्या व्हरांड्यात पानफुटी होती. ज्यांना हे झाड माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. त्याचं जाड पान तोडून मातीवर टाकलं की पानाच्या कडेला प्रत्येक खाचेतून एकेक पिल्लू फुटतं. बी नको, खत नको. मी पावसाळ्यात पानं मातीवर अंथरली आणि दिवाळीपर्यंत व्हरांड्यात पानफुटीच्या बालवाडीचं गॅदरिंग भरलं. दह्याचे रिकामे डबे गेरूने रंगवले, वर चुन्याचे ठिपके काढले आणि एकेका डब्यात एकेक विद्यार्थी बसवला. दिसायला इतकं गोड की मीच मला शाबासकी दिली.

शिवाय पानफुटीला आमच्या घरात मान होता, तो आमच्या ह्यांच्यामुळे. ह्यांना मुतखडा झाला होता. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या, बाटल्याच्या बाटल्या पाणी चालू होतं, मी कुळथाचा काढा करून पाजत होते. त्यात कोणीतरी सांगितलं म्हणून पानफुटीचं पान खाल्लं आणि खडा पडला. सगळं श्रेय पानाला. मला नाही, डॉक्टरला नाही, कुळथाला तर नाहीच. तो खडा त्यांनी कुंकवाच्या जुन्या डबीत कापसावर ठेवला आहे. हे जिनिंगमध्ये कापसाची प्रत पाहतात, तेव्हा कापूस उत्तम प्रतीचा आहे. आलेल्या पाहुण्याला पाणी दिलं की पाठोपाठ डबी येते.

हळदीकुंकवाच्या संध्याकाळी पुरुषांनी घरात थांबू नये असा रिवाज आहे. आमच्या ह्यांनी तो पाळला. ते दाराबाहेर खुर्ची टाकून बसले आणि वाण घेऊन निघणाऱ्या प्रत्येक बाईला थांबवून पानफुटीवर व्याख्यान दिलं. डबी हातात होतीच.

“शोभेचं समजू नका जी,” ते म्हणत होते, “औषध आहे औषध. खडा असो, काही असो. एक पान, अनशापोटी.”

बायका आत मला वाखाणून बाहेर ह्यांना वाखाणत होत्या. शेजारची मास्तरीण आली. त्या घरी हळदीकुंकू नसतं. चौदा एप्रिलला त्यांच्याकडची खीर खायला अख्खी गल्ली असते आणि संक्रांतीचा तिळगूळ खायला ती आमच्याकडे असते. दारातूनच म्हणाली, “कुंकू राहू द्या वैनी, तिळगूळ द्या अन् झाड द्या. आमच्या सशाले सोबत होईल.”

आणि समोरच्या काकू आल्या.

समोरच्या काकूंशी माझा अबोला होता. त्याचं कारण आमचा बोका. एका उन्हाळ्यात काकूंनी गच्चीवर ज्वारीचे पापड वाळत घातले होते, आणि बोका त्यांच्यावरून चालत गेला. नुसता गेला नाही. ओळीने, एकही पापड न वगळता गेला. काकूंनी ते पापड तसेच वाळवले, प्रत्येकावर मधोमध एक पंजा, आणि डब्यात भरून आमच्याकडे पाठवून दिले. मी चिडून ते तळून खाल्ले. खाल्ले याचा त्यांना राग जास्त आला. तेव्हापासून बोलणं बंद. पण अबोला हा बोलण्याचा असतो, हळदीकुंकवाचा नसतो. दरवर्षी त्या यायच्या, मी कुंकू लावायची, वाण द्यायची, त्या कपाळ पुढे करून भिंतीकडे बघायच्या, आणि निघून जायच्या. दोन वकिलांनी कागद बदलावेत तसं.

त्या वर्षी मात्र त्या दारापाशी ह्यांच्यासमोर थांबल्या. ह्यांच्याशी त्यांचा अबोला नव्हता.

“रोज एक पान?” त्यांनी विचारलं.

“एकच. चावून.”

“अन् चावता नाई आलं तर?”

“कुटून द्या पोळीत,” हे म्हणाले. हे कोणालाही निराश करत नाहीत.

मी आतून ऐकलं आणि मनात म्हटलं, काकूंना कवळी बसलेली दिसते. पुढची बाई आली, मी कुंकवाची कोयरी उचलली आणि विसरून गेले.

उरलेले डबे मी दिवाणखान्यातल्या खिडकीत मांडले. आमचा बोका त्याच खिडकीत बसतो. समोर काकूंचं फाटक आणि फाटकामागे काकूंचा कुत्रा. कुत्रा सोनेरी, मोठा आणि म्हातारा. काकूंच्या मुलाने कॉलेजात असताना आणला, मग मुलगा पुण्याला नोकरीला गेला, कुत्रा इथेच राहिला. आमच्याकडच्या उन्हाळ्यात त्या केसाळ जिवाचं काय होत असेल ते त्यालाच माहीत. काकू त्याच्यासाठी फरशीवर ओलं पोतं अंथरायच्या आणि त्याला दहीभाकरी भरवायच्या. काका गेल्यापासून त्या घरात आवाज म्हणजे त्याचाच. बोका खिडकीत बसून त्याच्याकडे बघत शेपटी हलवायचा आणि कुत्रा भुंकायचा. दोघांचं उत्तम चाललं होतं.

बोक्याने खिडकीतली पानं कुरतडली. मला कौतुकच वाटलं. म्हटलं, खा, औषध आहे.

दुसऱ्या दिवशी बोका ह्यांच्या शर्टावर झोपला नाही. ह्यांच्या कामावरच्या शर्टाला कापसाचे तंतू असतात, आणि तो शर्ट टाकला की बोका त्यावर लोळतो, हे घरातलं घड्याळ आहे. त्या दिवशी तो पलंगाखाली होता, तोंडातून लाळ, आणि ओकलेल्यात हिरवं. मी त्याला भाजीच्या पिशवीत घातलं, चेन अर्धी लावली, कुरतडलेलं पान रुमालात बांधलं आणि गाडी जनावरांच्या दवाखान्यात नेली.

तिथे रांगेत दोन शेळ्या होत्या, एक बैल होता आणि बैलाचा मालक होता. मालकाने माझ्या पिशवीकडे बराच वेळ पाहिलं.

“काय हाय जी पिशवीत?”

“बोका.”

“त्याले काय झालं?”

“झाड खाल्लं.”

त्याने ते बैलाकडे बघून पचवलं. “मांजर झाड खाते? आमचा हा सरकीच्या ढेपीले तोंड लावत नाई, अन् तुमचं मांजर झाड खाते.” मग रांगेतली जागा मला देत म्हणाला, “जा बाई तुम्ही पहिले. तुमचं कठीण दिसते.”

डॉक्टर आयुष्यभर बैल-म्हशींत वावरलेला माणूस. हात असे की त्यात बोका मावला आणि वर जागा उरली. त्यांनी नळी कानाला लावून बोक्याची छाती ऐकली, मग रुमाल उघडून पान पाहिलं.

“हे काय आहे ताई?”

“पानफुटी. औषधी आहे.”

“कोणासाठी?”

एवढा साधा प्रश्न मला कोणीच विचारला नव्हता. डॉक्टर बोलता बोलता बोक्याच्या पायाला सलाईनची सुई लावत होते. म्हणाले, या पानात हृदयावर परिणाम करणारं द्रव्य असतं, फुलात त्याहून जास्त. माणसाने खावं की नाही ते माणसांच्या डॉक्टरला विचारा. पण मांजर, कुत्रा, ससा, शेळी यांना नको. एकदा कुरतडलं तर लाळ, उलट्या, जुलाब. जास्त खाल्लं किंवा रोज थोडं थोडं पोटात गेलं तर ठोके बिघडतात, आणि मग सांगता येत नाही. पान बरोबर आणलं हे चांगलं केलं, घरच्या घरी मीठ-पाणी पाजून ओकवलं नाही हे त्याहून चांगलं केलं.

त्यांनी औषधी कोळशाची पूड पाण्यात कालवून पाजली. बोक्याने मदतनिसाला कडकडून चावा घेतला. “सुधारतो आहे,” डॉक्टर म्हणाले.

मग त्यांनी घरातल्या इतर झाडांची चौकशी केली. मी एकेक नाव घेत गेले आणि ते मान हलवत गेले, कधी आडवी, कधी उभी. मनीप्लांट: तोंडाची आग होते, उंच टांगा. कुंडीतलं ते पांढऱ्या ठिपक्यांच्या मोठ्या पानांचं: तेच. कोरफड: बाहेर. लिली आहे का? नव्हती. “कधी आणूच नका. मांजर असेल त्या घरात लिलीचा पराग अंगावर पडून चाटला गेला तरी किडनी जाते.” अरेका पाम चालेल. स्पायडर प्लांट चालेल. “आणि एका ताटलीत गहू पेरा. हिरवं खायची हौस आहे ना त्याला, ते खाऊ द्या.”

“बरं.”

“ही पानफुटी आणखी कोणाकडे आहे?”

मी बोक्याकडे पाहिलं.

“ताई?”

“हळदीकुंकू होतं डॉक्टर.”

त्यांना सगळं समजलं. त्यांच्याही घरी गाळण्या असणार.

बोका घरी आला तो पाय आखडून, पण शर्टावर जाऊन झोपला. मी ताटलीत गहू पेरला. तो उगवल्यावर हे त्याला कात्री लावून रस काढून प्यायला लागले, गव्हांकुराचा रस फार चांगला म्हणून, तेव्हा दुसरी ताटली पेरावी लागली आणि कोणती कोणाची यावरून दोघांत वाद झाला. पण तो पुढचा भाग. आधी मला वाण परत आणायचं होतं.

मास्तरणीकडे पहिली गेले, ससा तिच्याकडे म्हणून. तिने ऐकलं आणि हसत सुटली. “घेऊन जा वैनी. आमच्यात वाणाचं लचांड नाई. तुमचं काम इथं सोपं, पुढं पाहाजो.”

पुढे कोपऱ्यावरच्या शेळ्यांवाल्या वहिनी. त्यांच्या एका शेळीने वाण केव्हाच खाल्लं होतं, डब्यासकट. शेळी ठणठणीत होती. पण आणखी एक डबा त्यांच्या जावेच्या नावचा होता, तो त्या देईनात.

“संक्रांतीचं वाण परत देते का कोणी? काऊन वं, माह्या कुंकवाले काई झालं तर?”

त्यांचं कुंकू मागे खाटेवर बसून शेंगा खात होतं. म्हणालं, “ठेव वं, मलेही खडा होऊ शकते.”

पुढच्या घरी हेच. त्याच्या पुढच्या घरी हेच, फक्त रडून. एका बाईने मला दारातच विचारलं, की वाण परत मागायची वेळ यावी असं घरात काय झालं, पैशाची अडचण आहे का. मी बोक्याचं सांगितलं. मी मांजराला विष घातल्याचं तिने दूधवाल्याकडून ऐकलं होतं, पण तेच विष तिच्याही घरात आहे हे त्याने सांगितलं नव्हतं म्हणे. ती आत जाऊन लगेच फोनवर बसली.

कुणी दुष्ट नव्हतं. वाण दिलं की ते दिलेलं असतं, एवढंच. जनावराला अपाय होतो हे त्यांना पटत होतं, पण सौभाग्याचं दान उलटं फिरवायचं म्हणजे फारच झालं. मी स्वतःही फिरवलं नसतं. म्हणून मी दोन दिवस विचार केला आणि रथसप्तमीला पुन्हा हळदीकुंकू ठेवलं. निरोप असा दिला: वाणाची कुंडी घेऊन या, भरती आहे.

भरती म्हणजे काय, हे कोणालाच माहीत नव्हतं, मलाही नाही, तो शब्द मी त्या सकाळी काढला. पण विधीचं नाव एकदा ठाम आवाजात घेतलं की बाया विचारत नाहीत, उलट आपल्यालाच कसं माहीत नाही म्हणून गप्प बसतात. सगळ्या डबे घेऊन आल्या. मी पाटावर बसले, समोर ताम्हण, बाजूला नर्सरीतून आणलेली स्पायडर प्लांटची रोपं. प्रत्येकीच्या डब्याला हळदकुंकू लावायचं, पानफुटी मुळासकट उपटून मागच्या पिशवीत टाकायची, नवं रोप लावायचं, डबा परत तिच्या हाती. डबा तोच. वाण तिच्याकडेच. शेळ्यांवाल्या वहिनींनी डबा उलटसुलट पाहिला, ठिपके ओळखले आणि समाधानाने म्हणाल्या, “हो, हे आमचंच आहे.”

“दरवर्षी करावी लागते का वं भरती?” एका म्हातारीने विचारलं.

“झाडाच्या वाणाला करावी लागते,” मी म्हटलं. देव क्षमा करो, यंदा दोन घरी झालीसुद्धा.

उपटलेली पानफुटी मी पिशवीचं तोंड घट्ट बांधून ठेवली, कारण उकिरड्यावर टाकली असती तर पावसाळ्यात तिथे गॅदरिंग भरलं असतं. मग उरलेली रोपं पाहिली. एक जास्त होतं. समोरच्या काकू आल्या नव्हत्या.

काकू हळदीकुंकवाला आल्या नाहीत असं कधी झालं नव्हतं. मी खिडकीतून पाहिलं. बोका खिडकीत बसला होता, शेपटी हलवत होता, समोर बघत होता. समोरून भुंकणं नव्हतं. मी आठवायला लागले, शेवटचं कधी ऐकलं.

मी स्पायडर प्लांट घेतला आणि रस्ता ओलांडला.

फाटक उघडंच होतं. कुत्रा ओट्यावर पोत्यावर पडलेला, पोट फुगलेलं. माझ्याकडे त्याने डोळे फिरवले, मान उचलली नाही. काकू त्याच्याजवळ खाली बसल्या होत्या, हातात वाटी, वाटीत पोळी कुस्करलेली. मला पाहून त्या उठल्या नाहीत. भिंतीकडेही बघितलं नाही. खांबाजवळच्या कठड्यावर माझा डबा होता, गेरूचा, ठिपक्यांचा. त्यात फक्त देठ उभा होता आणि शेंड्याला दोन पानं.

पोळीत काय होतं ते मला वाटीत दिसलं. हिरवं.

“काकू,” मी म्हटलं, “किती दिवस झाले?”

काकूंनी कुत्र्याकडे पाहिलं आणि त्यालाच सांगितलं, “सांग तिले. म्हणा, मले लघवी होत नाई नीट, कण्हतो, थेंब थेंब जाते. म्हणा, खडा आहे. म्हणा, तुह्या नवऱ्यानंच औषध सांगतलं, रोज घेऊन राह्यलो.”

मी वाटी त्यांच्या हातातून काढून घेतली. त्यांनी धरून ठेवली नाही.

“त्याला म्हणा,” मी कुत्र्यालाच म्हटलं, “मालकिणीला सांग, हे औषध नाही. माझा बोका यानेच आजारी पडला होता. आत्ता दवाखान्यात जायचं.”

काकू पहिल्यांदा माझ्याकडे बघत्या झाल्या. वाटीकडे बघितलं, मग कुत्र्याकडे. त्यांनी त्याच्या कपाळावर हात ठेवला.

“मी रोज कुटून दिलं,” त्या म्हणाल्या. कोणालाच नाही.

हे जिनिंगमधून येत होते, केसांत कापूस. मी हाक मारली. कुत्र्याला चादरीवर घेतलं, तिघांनी तीन कोपरे धरले आणि चौथा कोपरा शेळ्यांवाल्या वहिनींच्या कुंकवाने, शेंगा टाकून. नाक्यावरचा ऑटोवाला म्हणाला कुत्रा नाही नेणार. काकू म्हणाल्या, “बाप्पा, हा मी आहो असं समज,” आणि आत बसल्या. त्याने ऑटो सुरू केला.

ऑटोत कुत्रा आमच्या दोघींच्या मांडीवर आडवा. डोकं त्यांच्याकडे, बाकीचं माझ्याकडे. सगळी वाट आम्ही त्याच्याशी बोललो. काकू त्याला म्हणाल्या, “झाड घरात ठेवताना विचारावं लागते का रे? विचारलं तर होतं.” मी त्याला म्हटलं, “ज्याला विचारलं तो पुढे ड्रायव्हरजवळ बसला आहे.” ह्यांनी मागे वळून पाहिलं नाही. खिशावर हात होता. डबी खिशात होती.

डॉक्टरांनी छाती ऐकली, आणि ऐकतच राहिले. बोक्याच्या वेळी ऐकलं त्याहून कितीतरी जास्त. काकू त्यांच्या तोंडाकडे बघत उभ्या होत्या, पदर मुठीत धरून.

“ठोके मंद आहेत,” डॉक्टर म्हणाले. “चुकतात मधे मधे. पान आजपासून बंद. सलाईन लावतो. आधी लघवी काढू.”

त्यांनी नळी घातली. त्याचं पोट बसत गेलं तसा तो कुत्रा असा मोठा श्वास टाकत गेला, की बाहेर रांगेतला एक माणूस म्हणाला, “सुटला बापा.” मग डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, खडा नाहीच. म्हाताऱ्या नर कुत्र्यांची एक ग्रंथी वाढते आणि ती मार्ग दाबते. त्याला गोळ्या आहेत, नाहीतर साधं ऑपरेशन आहे, हृदय सावरलं की. पण आधी हृदय सावरायला हवं, आणि नळी काढल्यावर त्याची त्याला व्हायला हवी. “त्याची त्याला झाली, की समजा जिंकलो.”

खडा नाहीच, हे ऐकून आमच्या ह्यांनी खिशातून हात काढला. त्यांनी पानफुटीबद्दल त्या दिवशी एक शब्द उच्चारला नाही. मी लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांना विषय संपल्यावर बोलणं संपवताना पाहिलं.

कुत्रा रोज दवाखान्यात जाऊन यायचा. ऑटोवाला तोच, आता स्वतःहून फाटकाशी यायचा. गल्लीला दुसरा विषय उरला नाही. सकाळी दूध घेताना बायका काकूंच्या फाटकाकडे बघून हलक्या आवाजात विचारायच्या, “झाली का?” दूधवाला आडवी मान हलवायचा. मास्तरीण शाळेत जाताना गाडी थांबवून विचारायची. शेळ्यांवाल्या वहिनींनी नवस बोलला, कोणाला ते सांगितलं नाही. मी काकूंकडे जायचे, मुगाची पातळ खिचडी घेऊन, कुत्र्यासाठी. त्या दार उघडायच्या, पातेलं घ्यायच्या, रिकामं पातेलं धुऊन द्यायच्या. बोलायचं ते त्याच्याशी. “आज दोन घास जास्त खाल्ले, सांग.” “ठोके बरे आहेत म्हणाले, सांग.” मी त्याला म्हणायचे, “बरं झालं, सांग.” मधल्या काळात मी मनीप्लांट छतापर्यंत टांगला, कोरफड मागच्या कुंपणाबाहेर नेली आणि दिवाणखान्यात खिडकी रिकामी केली. बोका तिथे ताटलीतला गहू खात बसायचा आणि समोर बघायचा. शेपटी हलवायचा नाही. मला वाटायचं, त्याला सुद्धा करमत नाही.

नळी काढली त्या दिवशी डॉक्टर म्हणाले, आता वाट बघा.

संध्याकाळी काकूंनी त्याला पट्टा लावून बाहेर आणलं. तो सावकाश चालत होता, मागचे पाय किंचित फाकवून. आम्ही सगळे आपापल्या दारात होतो आणि सगळ्यांना बाहेर काहीतरी काम होतं. कोणी अंगण झाडत होतं, कोणी पहिल्यांदाच स्वतःचं फाटक पुसत होतं. आमचे हे खुर्ची टाकून पेपर वाचत होते. कुत्रा विजेच्या खांबापाशी थांबला. हुंगला. अंगणातले झाडू थांबले. तो पुढे निघाला. मास्तरणीच्या पायरीपाशी थांबला. पुढे निघाला. काकूंचा चेहरा मी पाहिला आणि मग पाहवला नाही, म्हणून माझ्या फाटकाची कडी उगाच लावत-काढत राहिले.

खिडकीतून बोक्याने त्याला पाहिलं आणि शेपटी हलवली.

कुत्रा थांबला. वळला. रस्ता ओलांडून सरळ माझ्या फाटकापाशी आला, खांबाला अंग टेकवलं, थरथरता पाय वर केला, आणि मग झाली. सुरुवातीला अडखळत. मग धार. माझ्या फाटकाच्या खांबावरून, खालच्या रांगोळीवरून, मी नुकत्याच घासलेल्या उंबऱ्याच्या दिशेने.

पलीकडून कोणीतरी टाळी वाजवली. काकू कुत्र्याच्या पट्ट्याला धरून उभ्या होत्या, डोळ्यांतून पाणी गालावर, आणि रांगोळीकडे बघत होत्या.

“पाणी आणते,” त्या म्हणाल्या. माझ्याकडे बघून. मला.

“राहू द्या काकू,” मी म्हटलं. “आधी त्याचं होऊ द्या.”

“वेळ लागन,” काकू म्हणाल्या.

“लागू द्या.”

मग आम्ही दोघी फाटकाच्या दोन बाजूंना उभ्या राहिलो. धार चालूच होती. मी आतून एक पाट आणून त्यांना बसायला दिला.